अळकुड्यांचं पार्सल

रविवार, १९ ऑक्टोबर. सकाळी १०

आजपासून रोजनिशी. पुढच्या रविवारी जे घडणार आहे त्याची कुठेतरी नोंद हवी, आणि दुसरं कुणी ती ठेवेल असं वाटत नाही.

परवा कॉलेजात कुमागाई सरांच्या ग्रुपमध्ये चिठ्ठ्या टाकल्या. दर शरदात सगळा ग्रुप नदीकाठी चूल मांडून अळकुड्यांचा रस्सा करून खातो. नदीकाठच्या रश्शाचं पुढारपण यंदा माझ्याकडे आलं. माझं नाव वाचताना सरांचा चेहरा गंभीर झाला. जबाबदारी योग्य माणसाकडे गेली की होतो तसा.

प्रश्न साधा आहे. इथे सेंदाईत अळकुड्यांच्या रश्शात पोर्क घालतात, वर आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो कालवतात आणि त्याला रस्सा म्हणतात. आमच्या यामागातात बीफ आणि सोया सॉस. विषय संपला. तीन वर्षं मी या परक्या मुलखात गप्प राहून त्यांचा रस्सा खाल्ला. दर वर्षी तीन वाट्या, केवळ सभ्यता म्हणून. (घर इथून बसने सव्वा तास. पण मध्ये डोंगर आहेत.) यंदा पातेलं माझ्या हातात आहे. आमच्या काशिवाकुरा घराण्याचा रस्सा काय असतो ते सेंदाईला कळेल.

दुपारी १

आईचा फोन. आजोबांनी शुक्रवारीच अळकुड्यांची पेटी पाठवली, मिळाली का, म्हणून. आजोबांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी वाकायला बंदी घातली आहे. येत्या वसंतापासून शेत शेजारच्या ओकुयामांकडे. म्हणजे या त्यांच्या हातच्या शेवटच्या अळकुड्या. त्यांची मागणी एकच, सगळी पोरं खातानाचा एक फोटो पाठव. मी म्हटलं, एक काय, अल्बम पाठवतो.

 खोलीत बसवेना. टेबलावर प्रबंधाचं दुसरं प्रकरण होतं, त्याच्याकडे पाहून तर अजिबातच बसवेना. नदीवर जाऊन जागेची पाहणी केली. उशिगोए पुलाखाली दगड सपाट आहेत. वाटेत माशाच्या भाजलेल्या वड्या, चार. पाहणीत शक्ती जाते.

संध्याकाळी ६

दाराच्या पत्रपेटीत कुरियरची चिठ्ठी. काल अकरा वाजता आलो होतो, आपण घरी नव्हतात. (होतो. झोपलो होतो.) सामान शुक्रवार २४ पर्यंत आमच्याकडे राहील, नंतर पाठवणाऱ्याकडे परत जाईल. खाली ड्रायव्हरचं नाव, मोनिवा. पाच दिवस आहेत. भरपूर झाले. फोन करून उद्याची चार ते सहाची वेळ घेतली.

संकल्प. रविवारपर्यंत बाहेर खाणं बंद, जीभ शुद्ध राहायला हवी. दुसरं प्रकरण शुक्रवारी सरांच्या टेबलावर. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे पडलं आहे, उद्या नवा सेल. आणि टीव्हीच्या फीवाल्याला यंदाही दाद द्यायची नाही. घरात टीव्ही असला की भरावी लागणारी फी गोळा करत तो महिन्याच्या सुरुवातीपासून आमच्या बिल्डिंगमध्ये फिरतो आहे. टीव्हीवर टॉवेल टाकून ठेवला आहे. बेल वाजली की दिवा बंद, श्वास बंद. तीन वर्षांत एकदाही सापडलो नाही. अशा गोष्टी विद्यापीठात शिकवत नाहीत.

सोमवार, २० ऑक्टोबर. दुपारी ४

कुरियरची वाट पाहत बसलो आहे. दुसरं प्रकरण उघडलं. शीर्षक चांगलं आहे.

४.२०

अजून नाही. अनुभव असा की चार ते सहा म्हटलं की हे लोक पावणेसहाला येतात. नुसतं बसून राहणं हा वेळेचा अपमान आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात गाईची जीभ कोळशावर भाजतात. बीफवर भर असलेल्या रश्शाचा जो प्रमुख आहे, त्याला बीफ या विषयाची ताजी माहिती हवी. हे बाहेर खाणं नव्हे, अभ्यास आहे.

संध्याकाळी ६.१०

अभ्यास उत्तम झाला. बार्लीचा भात दोनदा. परत आलो तर चिठ्ठी. मोनिवा ४.३५ ला येऊन गेला. या देशात आता शिस्त राहिली नाही. उद्या दिवसभर कॉलेज, म्हणून परवा सकाळची वेळ घेतली. सेल आणायचा राहिला.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. दुपारी ३

सरांना योजना सांगितली. यंदा बीफ, सोया सॉस, मिसोला पूर्ण रजा. सरांनी मान एका बाजूला कलती केली, दातांतून हवा आत ओढली आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, हं, ते जरा… आणि वाक्य सोडून दिलं. सर सेंदाईचे. भारावून गेले असणार. परवानगी मिळाली.

ओइकावा तिथेच होती. ओइकावा ही आमच्या ग्रुपमधली, पक्की सेंदाईची, गेली दोन वर्षं रस्सा तिनेच केला. शांत मुलगी. तिने विचारलं, अळकुड्या आल्या का. म्हटलं, आल्यातच जमा. त्यावर ती म्हणाली की नदीजवळच्या दुकानातून भाड्याची दोन पातेली आणि लाकडं ती सांगून ठेवते. दोन कशाला? असू दे, म्हणाली. हरणाऱ्या बाजूचीही काही इभ्रत असते, म्हणून मी जास्त ताणलं नाही.

जेवण कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये. ते बाहेर खाण्यात मोडत नाही, कारण छप्पर विद्यापीठाचं आहे.

बुधवार, २२ ऑक्टोबर. सकाळी ९

आजोबांचा फोन. स्वतःहून ते कधी करत नाहीत. फोन कानापासून लांब धरून ओरडतात, त्यामुळे मलाही लांब धरावा लागतो. विचारलं, पेटी मिळाली का.

आता, पेटी याच सकाळी येणार होती. दोनतीन तासांचा काय तो फरक. मी म्हटलं, मिळाली, सुंदर आहेत. हे खोटं नाही, थोडं आधी सांगितलेलं खरं आहे. मग ते म्हणाले, "मापात हायेत न्हवं?" मी म्हटलं, अगदी मापात. अळकुड्यांचं माप कोण बघतं? पण म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतं. खूश झाले. फोटोचं विसरू नको म्हणाले. दोनदा म्हणाले.

सकाळी ९.४०

खोलीत बसवत नाही. उभंही राहवत नाही. फोननंतर पेटीचा विचार केला की कानाच्या पाळ्या गरम होतात. हवापालटाची गरज. समुद्रकाठच्या मात्सुशिमाची गाडी दहाला आहे. मोनिवा सकाळच्या वेळेत आला तर बाराच्या सुमारास येईल, हे आता मला पाठ आहे. बाराच्या आत परत.

संध्याकाळी ५

समुद्र चांगला होता. या हंगामातली पहिली कालवं भाजून देत होते, न खाणं हा त्या कोळ्यांचा अपमान झाला असता. शिवाय हिरव्या दाण्यांचं गोड वाटण लावलेले तांदळाचे गोळे, दोन डिश. (एक स्वतःसाठी आणि एक ओइकावासाठी घेतली होती. गाडीला उशीर झाला.) मोनिवा १०.१५ ला येऊन गेला. हा माणूस मुद्दाम करतो आहे.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. दुपारी २

ओइकावाबरोबर रामेन. तिनेच विचारलं. तिच्यावर प्रभाव पडत चालला आहे हे जाणवतं. मात्र बोलणं सगळं पेटीचं. माझ्या बॅगेतून तीन चिठ्ठ्या डोकावत होत्या, त्या तिने बाहेर काढून तारखा पाहिल्या. शेवटचा दिवस उद्या आहे, म्हणाली. मग तिचा प्रस्ताव. तिच्याकडे स्कूटर आहे, कुरियरचं गोदाम वीस मिनिटांवर, आत्ता जाऊन पेटी घेऊन येऊ.

नाही म्हटलं. आजोबांच्या शेवटच्या अळकुड्या गोदामाच्या मागच्या दारातून उचलायच्या? पेटी दारात येईल आणि काशिवाकुरा तोमोनारी ती दोन्ही हातांनी घेईल. शिवाय दुपारी रामेननंतर स्कूटरवर बसणं मला सोसत नाही.

ती म्हणाली, "अरे, तुझे आजोबा वाट बघत असतील ना."

मी म्हटलं, त्यांना मी सांगितलं आहे मिळाली म्हणून. ओइकावाने चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग अळकुड्या सोलायला किती जण लागतील ते विचारलं. म्हटलं, मी एकटा पुरेसा आहे. इतरांच्या हातांना खाज सुटते, आमच्या रक्तात ते नाही.

उद्या संध्याकाळी सहा ते आठ. यावेळी मी दाराशी बसणार. लिहून ठेवतो. दाराशी.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर. संध्याकाळी ५.३०

प्रबंधाचं दुसरं प्रकरण सरांना देता आलं नाही. दोन कामांत एक निवडावं लागतं. सरांना ईमेल केली की रविवारच्या तयारीत आहे. उत्तर नाही, म्हणजे समजून घेतलं.

दाराशी उशी टाकून बसलो आहे. बाहेर गेलो नाही. दुपारी फक्त कोपऱ्यावरून तीन राइस बॉल आणि एक पुडिंग. आजोबांची पेटी घेण्यासाठी चांगला शर्ट घातला आहे.

संध्याकाळी ६.३०

एक मोठा विजय. सविस्तर लिहितो.

बेल वाजली. भिंतीवरच्या घड्याळात ५.५६. सहाच्या वेळेला कुरियर सहाच्या आधी येत नाही, एक मिनिटही नाही. या एका बाबतीत हा देश अजून शाबूत आहे. म्हणजे कोण? फीवाला. दिवा आधीच बंद होता. मी उशीवर तसाच आडवा झालो. वेळ बघायला फोन होता, पण तो तिकडे टेबलावर चार्जिंगला आणि लाकडी जमीन करकरते, म्हणून हललो नाही. श्वास नाकातून, हळू.

पुन्हा बेल. मग दारावर टकटक. मग आवाज आला, "काशिवाकुरा-सान, आहात का? पार्सल आहे."

केवढी ही अधोगती. फी वसूल करायला आता पार्सलाचं सोंग घेतात. मी मनात हसलो. तो म्हणाला, "सात दिवस झाले हो, आज शेवटचं आहे. जरा जड आहे." अभिनय चांगला होता. शेवटी खरोखरच सुस्कारा टाकला त्याने. मग पत्रपेटीत कागद सरकवल्याचा आवाज आणि जिन्यावरून पावलं. फीची नोटीस. हातही लावला नाही.

रात्री ८

सहा ते आठ दाराशी बसलो. कुणी आलं नाही. मोनिवाची आज दांडी दिसते. उद्या सकाळी फोन करून चांगलं सुनावतो.

शनिवार, २५ ऑक्टोबर. सकाळी ९.३०

सुनावायला फोन करायचा म्हणून पत्रपेटीतला कागद काढला, कारण नंबर त्यावर असतो.

फीची नोटीस नव्हती. कुरियरची चिठ्ठी होती. मोनिवा, संध्याकाळी ६.०३.

घड्याळाकडे पाहिलं. मग फोनकडे. मग परत घड्याळाकडे.

सकाळी १०

गोदामाला फोन केला. बाई फार नम्र होत्या. पार्सल सकाळच्या गाडीने यामागाताला परत निघालं, दुपारपर्यंत पाठवणाऱ्याच्या घरी पोचेल. तीनदा माफी मागितली त्यांनी. मला एकदाही सुनावता आलं नाही.

दुपारी १२

पोटात गोळा आला आहे तो भुकेचा असावा म्हणून एक प्लेट करी-भात खाऊन पाहिला. भुकेचा नव्हता.

दुपारी ३

घरून फोन नाही. मी पण केला नाही. फोन नाही याचा अर्थ पेटी आईने घेतली असणार, आजोबा झोपले असणार, तिने कोपऱ्यात ठेवून दिली असणार. घाबरायचं कारण नाही. बुधवारी मी त्यांना मिळाली म्हणून सांगितलं होतं हे जरा आठवत राहतं.

नवी योजना. सुपरमार्केटमध्ये फ्रोझन अळकुड्या मिळतात. सोललेल्या, धुतलेल्या, दोन किलोच्या पिशव्या. चार आणल्या. पिशव्या लगेच कापून बारीक करून बिल्डिंगच्या कचऱ्यात टाकल्या. बीफ चांगलं घेतलं. फोटोत अळकुड्या दिसतील, गाव दिसणार नाही. आजोबांना फोटो हवा आहे, आणि फोटो मिळेल. मूळ उद्देश जसाच्या तसा आहे.

रविवार, २६ ऑक्टोबर. सकाळी ७

ऐतिहासिक दिवस. डाव्या पायाचा मोजा सापडत नाही.

संध्याकाळी ७

क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिलं जाणार नाही.

काठावर पंचवीसतीस टोळकी होती, सगळीकडे धूर. ओइकावा आठलाच आलेली. तिच्या चुलीवर पातेलं उकळत होतं. तिच्या अळकुड्या तिने घरून सोलून आणल्या होत्या आणि दोन्ही हातांना लाल चट्टे होते. माझी चूल पेटायला पाऊण तास लागला. शेवटी तिनेच पेटवून दिली.

पण रस्सा जमला. खरंच जमला. सोया सॉसचा वास आला तेव्हा शेजारच्या टोळक्यातली दोन माणसं वळून बघायला लागली. मी छोटंसं भाषण केलं. या अळकुड्या साध्या नव्हेत. माझ्या आजोबांनी एकोणऐंशीव्या वर्षी, गुडघे गेलेले असताना, स्वतः काढलेल्या आहेत. पुढच्या वर्षापासून मिळणार नाहीत.  कुमागाई सरांनी वाटीतली एक उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, किती एकसारख्या आहेत. मी म्हटलं, आमच्याकडे शेती काटेकोर असते. ओइकावा लाकडं सारखी करत होती.

तेवढ्यात पलीकडच्या टोळक्यातून कुणीतरी बोट दाखवलं, आणि तिकडून एक म्हातारा माणूस दगडांवरून एकेक पाय टाकत आमच्याकडे येताना दिसला. आजोबांची शहरात जायची टोपी. पाठीला दोरीने बांधलेली पेटी. प्रत्येक चुलीपाशी थांबून काशिवाकुराचा नातू कुठं हाय म्हणून विचारत आले होते. काठावर चढउतार किती आहे ते मला माहीत आहे, मी पाहणी केली होती.

आधी त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. ताप नाही, म्हणाले. पेटी परत आली, फोन करायला भ्यालो, आजारी असशील वाटलं, म्हणून पहिली बस पकडली. हे सगळं हळू आवाजात, फक्त मला. पेटीवर कुरियरचा लाल शिक्का होता, परत.

मी तोंड उघडलं, पण सर मध्ये आले. सरांनी कमरेतून वाकून नमस्कार केला. तुमच्या अळकुड्यांबद्दल आभार, म्हणाले, तुमच्या नातवाने सगळं सांगितलं, गुडघ्यांचंही. आणि माझ्या रश्शाची वाटी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे केली.

आजोबांनी वाटीत पाहिलं. नुसतं पाहिलं तरी पुरे होतं, माझ्या आयुष्याच्या तिप्पट वर्षं ते अळकुड्या बघताहेत. पांढऱ्या, गोल, सगळ्या एका मापाच्या. त्यांनी एक उचलली, अर्धी चावली, चघळली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मी चुलीकडे बघत होतो.

"हां," ते म्हणाले. "आमच्याच हायेत. यंदा पीक बरं उतरलं."

मग पेटी खाली ठेवली, शिक्का दगडाकडे वळवला आणि वर टोपी ठेवली. कुणीतरी विचारलं पेटीत काय आहे. पोराला सफरचंदं आणलीत, म्हणाले.

लाज वाटली. दुसरा शब्द शोधत होतो, नाही सापडला.

फोटो काढला. आजोबा मधोमध, हातात वाटी. ती ओइकावाच्या रश्शाची आहे. तिने वाढली तेव्हा मला वाटलं चव घेऊन खाली ठेवतील, पाहुणा म्हणून. त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. तिसरी मागितली.

बसस्टॉपपर्यंत मी सोडायला गेलो. पेटी मी घेतली होती. जड आहे, मोनिवाचं खरं होतं.  मग ते म्हणाले, "बुधवारी तू म्हनलास, मिळाली."

मी हो म्हटलं.

"नको आसंल तर नको म्हनावं, तोमो. दारातनं माघारी धाडू नये."

मी सांगितलं की तसं नव्हतं. घड्याळाचं सांगितलं, सात मिनिटांचं, फीवाल्याचं, टॉवेलचं, जमीन करकरते ते. मोठ्याने सांगितल्यावर सगळं फार लांबलचक आणि वेडगळ वाटायला लागलं. ते पूर्ण ऐकत होते, मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, घड्याळाला सेल घाल.

बस आली. पायरीवर एक पाय ठेवल्यावर काहीतरी आठवून वळले. मला वाटलं, आता शेताबद्दल काहीतरी बोलतील.

"त्या पोरीला इचार," म्हणाले, "मिसो कुठलं वापरलं."

सोमवार, २७ ऑक्टोबर. सकाळी ११

सेल आणला. घातला. घड्याळ बरोबर चालतं आहे. त्याला काही अर्थ नाही, पण चालतं आहे.

कॉलेजला गेलो नाही. पेटी खोलीच्या मधोमध आहे. तिच्याभोवती फिरून झालं. नाश्त्यालाही बाहेर गेलो नाही. बाहेर न खाण्याचा संकल्प पाळला गेलेला हा पहिला दिवस, मुदत कालच संपली तरी.

दुपारी ४

उघडली. माती तशीच आहे, ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळलेली. लहानमोठ्या, वाकड्या, दोन जोडलेल्या, एक तर मुठीएवढी. एकसारखी एकही नाही. कोपऱ्यात सोया सॉसची लहान बाटली, घरात वापरतो तो. आणि सगळ्यात वर, नवे कोरे पिवळे रबरी ग्लोव्हज, त्यांना टाचलेला कागद. पेन्सिलीने लिहिलं आहे, खाज सुटती तुला. घाल.

मापात हायेत न्हवं, असं त्यांनी ह्या ग्लोव्हजबद्दल विचारलं होतं. मी म्हटलं होतं अगदी मापात.

घालून पाहिले. मापात नाहीत. दहाबारा वर्षांच्या मुलाच्या हाताचे आहेत. मी शेवटचा त्यांच्या शेतात अळकुड्या सोलायला बसलो होतो तेव्हा तेवढाच असेन. बोटं अर्ध्यावर अडकतात आणि तळहात उघडाच राहतो.

तरी घालूनच सोलायला बसलो. थोड्या आजच्यापुरत्या, थोड्या ओइकावाला, थोड्या सरांना, आणि खरं काय ते दोघांना सांगून. मोनिवालाही द्याव्यात असं वाटतं, तो चार वेळा घेऊन आला होता. दहाव्या अळकुडीला उघड्या तळहाताला खाज सुटली. भयंकर सुटली. आमच्या रक्तात आहे ती.

संध्याकाळी ५.३०

बेल वाजली. पहिल्याच बेलला उठलो, जमीन करकरली तरी. दिवा लावला. मोनिवा असेल, आणखी काही परत आलं असेल, आजोबांचं काही असेल, असं काहीबाही मनात येऊन गेलं. हातात अर्धी सोललेली अळकुडी तशीच. दार सताड उघडलं आणि म्हटलं, आहे, मी घरी आहे.

फीवाला होता.

साधासा माणूस, चष्मा लावलेला, हातात फाइल. तीन वर्षांत पहिल्यांदाच दार उघडलेलं बघून तोही जरा दचकला. टीव्ही आहे का, म्हणून विचारलं. म्हटलं, आहे, त्या टॉवेलखाली. त्याने फॉर्म पुढे केला. ग्लोव्ह काढायला गेलो तर निघेना, तशीच सही केली. फॉर्मवर चिखल लागला. तो म्हणाला, चालेल.